वाढीचं इंजेक्शन देण्याआधी मुलाचे अंडकोष मोजले का, ते विचारा

पुण्यात पीएमपीच्या थांब्यांवर, मुताऱ्यांच्या भिंतींवर "मुलांची खुंटलेली वाढ, खात्रीशीर इलाज" अशी पत्रकं चिकटवलेली दिसतात. बारा वर्षांच्या मुलाला घेऊन घाबरलेले आईवडील त्या पत्रकवाल्यांकडे पोचतात आणि फसतात.

बहुतेकदा मुलगा अंगाने जाड असतो. ओटीपोटाखालच्या चरबीत लिंग रुतलेलं असतं. वरून दिसतं तेवढं बघून "वाढच नाही" म्हणून सांगतात. खरं माप घेताना पट्टी चरबी दाबून थेट हाडाला टेकवावी लागते. तसं मोजलं की अशा बऱ्याच मुलांचं माप वयाला साजेसं निघतं.

दुसरी लबाडी वयाची. मुलगे ९ ते १४ या काळात कधीही वयात येऊ लागतात. पहिली खूण अंडकोषांची: ते ४ मिलिलिटरचे होतात. डॉक्टर ते लहान-मोठ्या मण्यांच्या माळेशी ताडून बघतात. लिंगाची वाढ त्यानंतर, साधारण वर्षभराने. १४ पूर्ण होऊनही अंडकोष वाढले नाहीत तरच उशीर म्हणायचा, आणि तेव्हाही वडील किंवा मामा उशिराच वाढले होते असं पुष्कळदा कळतं. बाराव्या वर्षी यांच्या औषधाच्या पुड्या सुरू केल्या की तेराव्या वर्षी आपसूक होणारी वाढ पुड्यांच्या नावावर जमा होते. (लिंग लहानपणापासूनच फार छोटं असेल किंवा अंडकोष खाली उतरलेच नसतील, तर मात्र १४ ची वाट बघू नका, लगेच दाखवा.)

खरा धोका टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या इंजेक्शनचा, कारण त्याने फरक दिसतो. केस येतात, आवाज फुटतो, घरचे खूश होतात. पण बाहेरून आलेल्या टेस्टोस्टेरॉनमुळे मेंदूकडून अंडकोषांना जाणारा संदेश दबतो आणि अंडकोष लहानच राहतात. डोस जास्त झाला तर हाडांची टोकं लवकर जुळतात आणि उंची कायमची थांबते. खरोखर गरज असलेल्या मुलाला सुरुवातीला महिन्याला ५० ते १०० मिलिग्रॅम, तीन ते सहा महिने देतात. बाजारातली कुपी बहुतेकदा असते २५० मिलिग्रॅमची, म्हणजे मुलाला तिचा पाचवा हिस्साही पुरतो. हे लोक अख्खी टोचतात आणि चिठ्ठीवर लिहितात "टॉनिक".

इंजेक्शन देण्याआधी हाडांचं वय बघायला डाव्या हाताचा एक्स-रे, सकाळच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच (मेंदूचा संदेश अंडकोषांना पोचवणारी हार्मोन्स) आणि थायरॉईड तपासायला हवं. एफएसएच वाढलेलं असेल तर गुणसूत्रांची तपासणी. मुलाला कशाचा वास कळत नसेल तर तेही डॉक्टरांना सांगा. यासाठी बालरोगतज्ज्ञ किंवा हार्मोनतज्ज्ञ गाठा. पुण्यातल्या ससून रुग्णालयातही बालरोग विभाग आहे.

लिंगाचा आकार किंवा मुलांची उंची वाढवण्याचा दावा औषधावर करायला १९४५ च्या औषध नियमांतल्या अनुसूची जे प्रमाणे मनाई आहे. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. इंजेक्शनं आधीच झाली असतील तर लाजेने लपवू नका. रिकामी कुपी, चिठ्ठी, उरलेल्या पुड्या, सगळं जपून ठेवा आणि कोणत्या तारखांना काय टोचलं ते लिहून नव्या डॉक्टरांपुढे ठेवा.