अ‍ॅल्युमिनियम सेंट्रिंगवर 11 स्लॅब आणि एक पावसाळा : टिळकवाडीच्या साइटवरचा अनुभव

आमच्याकडं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, म्हटलं की प्लाय, बल्ल्या आणि खिळे. 20 वर्षं तेच करत आलो. बेळगावच्या टिळकवाडीतल्या पार्किंग अधिक 11 मजल्यांच्या कामाला मालकांनी पहिल्यांदाच साच्याचे अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे भाड्यानं आणले. डिसेंबरात पहिला स्लॅब पडला, मेच्या सुरुवातीला अकरावा. पण भिंतींवरनं एक पाऊस जाऊ दे, मगच लिहीन म्हटलं होतं.

यात कॉलम-बीम उभे करून मध्ये विटा भरायच्या नसतात. भिंत आणि स्लॅब एकाच भरणीत, सगळं सळई-काँक्रीटचं. पत्रे पिन-पाचरीनं जोडायचे, एक माणूस एक पत्रा उचलतो, वरच्या मजल्यावर ते स्लॅबमधल्या झरोक्यातनं हातोहात जातात. बेळगाव भूकंपाच्या झोन 3 मध्ये येतं आणि भिंतींची अशी पेटी आडव्या धक्क्याला चौकटीपेक्षा ताठ राहते, म्हणून डिझाइनर खूश.

वेगाचं सांगतो. पत्रे देणाऱ्यांनी 7 दिवसांत मजला म्हणून सांगितलं होतं. आमचा दुसरा मजला 17 दिवसांनी झाला. चौथ्यापासून 12 दिवसांवर आलो, त्याखाली कधी गेलोच नाही. त्यांची पोरं दीड दिवसात स्लॅबखालचे पत्रे सोडवायला बसलेली असायची. मी आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकातले 3 दिवस धरले आणि टेकू 7 दिवस हलवू दिले नाहीत. त्यावरनं रोज भांडण. भरीला होळीला पोरं गावी गेली ती 20 दिवसांनी उगवली. आणि एकदा रेल्वेच्या दुसऱ्या गेटवर फाटक पडलं, मागं ट्रॅफिक तुंबलं, काँक्रीटचा मिक्सर पोचेपर्यंत 2 तास उलटून गेले. तो माल परत पाठवला. अर्धी भिंत भरून पंप थांबलेला, काय जीव झाला असेल बघा.

खरी शिक्षा वेगळीच. भिंतीत नंतर झिरी मारता येत नाही, त्यामुळं वायरच्या नळ्या, स्विचच्या पेट्या सगळं सळई बांधतानाच बसवायचं. चौथ्या मजल्यावर स्वयंपाकघरातली फिल्टरची पेटी भरणीत सरकली. पत्रे काढले तर भिंत आरशासारखी गुळगुळीत आणि पेटीचा पत्ता नाही. वायरमन हातोडीच्या दांड्यानं टकटक करत अर्धा तास पोकळ आवाज शोधत होता. सापडली ती एक वीत खाली. गोकाकच्या फिटरला विचारलं, जरा सळई कापून वर घेऊया का? तो कानडीत एवढंच म्हणाला, "आगोदिल्ला री." म्हणजे, व्हायचं नाही हो. बरोबरच होतं त्याचं. तेव्हापासून प्रत्येक पेटी सळईला तारेनं बांधून, तोंडाला थर्माकोल घालून फोटो काढल्याशिवाय पत्रा बंद करायचा नाही, असा नियम केला. फ्लॅट घेणाऱ्यांनाही आधीच सांगतो: मधली भिंत पाडून हॉल मोठा करू, हे इथं विसरा.

खिडक्यांच्या कोपऱ्यांतनं तिरक्या बारीक चिरा आल्या होत्या. पाचव्यापासून तिथं तिरक्या सळया जास्तीच्या घातल्या, प्रकार बराच कमी झाला. आतला गिलावा वाचला, नुसत्या पुट्टीवर भागलं, हे मात्र शंभर टक्के खरं.

आता पाऊस. जुलैत पश्चिमेकडनं तिरकी झड लागली आणि आठव्या मजल्यावर एका बेडरूमच्या भिंतीवर रुपयाएवढे ओले ठिपके उमटले, सारख्या अंतरावर, एका ओळीत. भोकं टायची! टाय म्हणजे दोन्ही बाजूचे पत्रे धरून ठेवणाऱ्या पट्ट्या, त्या काढल्यावर आरपार छिद्र राहतं, आणि आमच्या माणसांनी ते फक्त आतनं सिमेंट लावून बुजवलं होतं. बाहेर झुल्यावर बसून, उघडीप बघून बघून, प्रत्येक भोक पोखरून न आकसणाऱ्या ग्राउटनं दोन्हीकडनं भरलं. 9 दिवस गेले त्यात. स्लॅबबरोबरच केलं असतं तर एका मजल्याला एक दिवस पुरला असता.

उन्हाचं विचाराल तर पश्चिमेच्या खोल्या एप्रिलात रात्रीही तापलेल्या होत्या. शहापुरातल्या जुन्या जाडजूड भिंतींच्या घरात वाढलेल्या माणसाला ते लगेच जाणवतं. बाकी मजले एकसारखे आणि वर पुन्हा पुन्हा तेच असतील तर पत्रे परवडतात. माझं पुढचं काम वडगावात आहे, तळमजला अधिक तीनचं. तिथं परत प्लाय आणि खानापूरची वीट.

पत्रे परत पाठवताना मोजणीत पिनांचं एक अख्खं पोतं कमी भरलं. पैसे डिपॉझिटमधनं कापले. भंगारवाल्याकडं कुणी नेल्या ते साइटवर सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.