आठ महिने ई-रीडरवर जुन्या खूनकथा: वापरानंतरचा अनुभव

नोव्हेंबरात सहा इंची ई-रीडर घेतला तो एकाच कामासाठी, जुन्या सस्पेन्स कादंबऱ्या वाचायला. रोज नागपुरात सुभाष नगर ते टेलिफोन एक्स्चेंज मेट्रोचा प्रवास असतो, आणि रात्री सगळे झोपल्यावर तासभर माझा असतो. आता जुलै आहे आणि तेरा पुस्तकं वाचून झाली.

यंत्राबद्दल थोडक्यात सांगते. ई-इंकचा पडदा मोबाईलसारखा चमकत नाही. काळे-पांढरे बारीक कण विजेने वर-खाली सरकतात आणि अक्षर उमटतं. ते तसंच राहायला वीज लागत नाही, म्हणून रोजच्या वाचनात माझी बॅटरी तीन आठवडे पुरते. अंबाझरीच्या बाजूने गाडी जाते तेव्हा खिडकीतून थेट ऊन पानावर येतं, तरी अक्षर स्वच्छ दिसतं. मे महिन्यात मात्र एकदा दुपारी तो गाडीच्या डिक्कीत राहिला आणि संध्याकाळपर्यंत सुरूच झाला नाही. थंड झाल्यावर नीट चालला. तेव्हापासून उन्हाळ्यात तो पर्समध्येच असतो.

खरं बोलायचंय ते वेगळंच. सगळ्या खूनकथा या यंत्रावर सारख्या वाचल्या जात नाहीत.

पहिलं घेतलं विल्की कॉलिन्सचं 'द मूनस्टोन', १८६८ सालचं. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लुटीतून इंग्लंडला गेलेला हिरा तिथून चोरीला जातो आणि एकेक माणूस आपापली जबानी लिहितो. त्यात दाराच्या ओल्या रंगाचा एक डाग आहे. तो कुणाच्या तरी कपड्याला लागलाय, कपडा कुणाचा तेवढं शोधायचं. शंभरेक पानांनी मला मागे जाऊन बघायचं होतं, त्या डागाबद्दल कोण काय बोललं होतं. कागदी पुस्तकात मी बोट घालून ठेवलं असतं. इथे शोधच्या चौकटीत 'पेंट' टाइप केलं. यंत्राने पुस्तकभरातल्या सगळ्या ओळी समोर मांडल्या, अजून न वाचलेल्यासुद्धा. चौथ्या-पाचव्या ओळीत कपड्याचा मालक कळला. कॉटन मार्केट स्टेशन होतं, अजून लक्षात आहे. इतकं वाईट वाटलं की दोन दिवस पुस्तक उघडलं नाही.

दुसरी अडचण पुस्तक किती वाचून झालं ते दाखवणाऱ्या खालच्या कोपऱ्यातल्या टक्क्यांची. डिटेक्टिव्हने ५८ टक्क्यांवर कुणाला पकडलं की तो गुन्हेगार नाही हे आपल्याला आधीच कळतं. सेटिंगमध्ये जाऊन टक्के बंद करा, पहिल्याच दिवशी.

पण खुनी कोण हे लपवायचंच नाही, अशी जी कादंबरी असते तिच्यासाठी हे यंत्र सोन्यासारखं आहे. दोस्तोव्हस्कीच्या 'क्राइम अँड पनिशमेंट'मध्ये (१८६६) खून पहिल्याच भागात होतो. पुढचे पाच भाग आणि उपसंहार त्या खुन्याच्या, रास्कोलनिकोव्हच्या, डोक्यात काढायचे असतात. तिथे मागे वळायची गरजच पडत नाही. पान जड लागत नाही, जाडी दिसत नाही, अंधारात फक्त त्याचं पुढचं वाक्य असतं. आई एकदा पाणी प्यायला उठली आणि म्हणाली, "काय वाचून राहिली गं एवढ्या रात्री? ताप आल्यासारखी दिसून राहिली." रास्कोलनिकोव्हलाच ताप होता, आणि तो मला चढला होता.

दोन्ही प्रकार एकाच माणसाने लिहिलेत, म्हणून मुद्दाम करून बघितलं. अँथनी बर्कलीच्या १९२९ च्या 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस'मध्ये एकाच खुनाची सहा उत्तरं आहेत. ते कागदावर, पेन्सिल घेऊन वाचलं, आणि समासात खुणा केल्या म्हणूनच कळलं. १९३१ मध्ये त्यानेच फ्रान्सिस आइल्स या नावाने 'मॅलिस अफोरथॉट' लिहिलं. पहिल्याच वाक्यात डॉक्टरने बायकोला मारायचं ठरवलेलं आहे. हे रीडरवर तीन रात्रींत संपलं, एकदाही मागे गेले नाही.

या आठ महिन्यांतलं सगळ्यात मोठं पुस्तक माझ्यासाठी रूथ रेंडेलचं 'अ जजमेंट इन स्टोन' (१९७७). कुणी मारलं, कुणाला मारलं आणि का, हे पहिल्या वाक्यात सांगून टाकलंय: मारणाऱ्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. मी निम्म्यावर होते तेव्हा झाशी राणी चौकातून एक आजी चढल्या. शेजारी बसल्या, हॉस्पिटलची चिठ्ठी पुढे केली. "बाई, चष्मा घरी राह्यला, वाचून दे न." वाचून दिली. मंगळवारी सकाळी नऊला, उपाशीपोटी. त्यांनी चिठ्ठी चार घड्या करून ब्लाउजमध्ये ठेवली. पुस्तकातली ती बाईसुद्धा चष्म्याचंच कारण पुढे करते. त्या आजींचा चष्मा खरंच घरी राहिला असेल. पण माझ्या हातातलं पान तसंच राहिलं आणि मी टेलिफोन एक्स्चेंजच्या पुढे आंबेडकर चौकापर्यंत गेले.

मराठीतलं म्हणाल तर बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे नायक झुंजार आणि काळापहाड बाबांच्या कपाटात आहेत, पिवळ्या पानांचे. ते तसेच, कागदावर वाचते. यंत्रात आता डाफ्नी द्यू मोरियेचं 'रेबेका' चालू आहे, १९३८ चं. सांगणारीचं नाव शेवटपर्यंत कळत नाही, त्यामुळे शोधच्या चौकटीत टाकायलाही काही नाही.