लातूरहून मालवण-सावंतवाडी: पॅकेज बाजूला ठेवा, हे आधी बघा

आमच्या लातूर-नांदेड-परभणीकडचे लोक कोकण म्हणलं की एकतर गणपतीपुळे करतात नाहीतर डायरेक्ट गोवा गाठतात, मधला सिंधुदुर्ग जिल्हा राहूनच जातो. आम्ही जानेवारीत घरची गाडी घेऊन गेलो होतो, आई, बायको, पोरं सगळे. आता ऑफिसमधले, भाऊबंद सगळेच विचारायलेत की कसं आहे, काय बघावं, पैसे वसूल होतात का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

रस्ता आधी सांगतो. तुळजापूर, सोलापूर, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि मग राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून मालवण. साधारण पाचशे किलोमीटर पडतं, सोलापूर ते कोल्हापूर रस्ता एकदम भारी झालाय. एका दमात जाऊ नका, म्हातारी माणसं सोबत असतील तर कोल्हापूरला मुक्काम करा, अंबाबाईचं दर्शन पण होतं. घाट दिवसा उजेडी उतरा.

आता मुख्य गोष्ट म्हणजे सिंधुदुर्ग किल्ला. ह्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी. मालवण जेट्टीवरून बोट सुटते, थोड्याच वेळात बेटावर. कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ ला कामाला सुरुवात केली आणि साधारण तीन वर्षांत हा ४८ एकरांचा किल्ला उभा राहिला, हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली, पायात शिशाचा रस ओतून. हे आपण पुस्तकात वाचलेलं असतं पण बोट तटाजवळ जाते आणि तरी दरवाजा कुठं दिसत नाही तेव्हा खरं कळतं. समोर नुसती भिंत. बोटीतून उतरून वळसा घेतला की दोन बुरुजांच्या मधे महादरवाजा लपलेला, शत्रूला समुद्रातून कळायलाच नको की आत कुठून जायचं. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, तिथली महाराजांची मूर्ती दाढी नसलेली, नेहमीच्या फोटोपेक्षा वेगळी. महाराजांच्या हाताचा-पायाचा ठसा जपून ठेवलाय तो पण बघा. आणि किल्ल्यात अजून काही कुटुंबं राहतात, घरं आहेत, नारळ आहेत, नुसतं पडकं काही नाही. २०२५ च्या जुलैमधे युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे जे बारा किल्ले गेले त्यात हा आहे.

पण मला सगळ्यात जास्त धरून ठेवलं ते विहिरींनी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूनं खारं पाणी, लाटा तटावर आदळायलेत आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेले आम्ही लातूरकर, आई तर दहीबावच्या कठड्याला हात लावून किती वेळ आत वाकून बघत उभी होती, पोरं चला चला म्हणायलेत आणि ती हलायला तयार नाही. विहिरींचं पाणी गोडं असण्याचं कारण असं की बेटावर पडलेलं पावसाचं पाणी जमिनीत मुरतं आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून वरच्या वर राहतं. तिकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडं सात-आठशे पडला तरी आपण खूश. पण नुसता पाऊस असून काय होतं, साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे ओळखून किल्ल्याची जागा निवडली आणि पाणी जपलं, हे लई मोठं आहे. बोटवाले तासाभराचा वेळ देतात, तो कमी पडतो. बसायच्या आधीच बोलून घ्या की आम्ही जास्त थांबणार, मागच्या बोटीनं येऊ, ऐकतात.

देवबागला होमस्टे घेतला होता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी, मधे गावाची चिंचोळी पट्टी. खोल्या साध्या, स्वच्छ, एसी होता पण लागला नाही. तिथून बोटीनं संगमावरच्या त्सुनामी आयलंडला नेतात. २००४ च्या त्सुनामीनंतर वर आलं असं तिथले लोक सांगतात. खरं म्हणजे वाळूचा पट्टा आहे, भरती आली की पाण्याखाली जातो, तिथंच सगळ्या वॉटर स्पोर्ट्सचे स्टॉल. पॅकेजवाले फोनवर हेच आधी विकतात आणि माझं मत विचाराल तर हेच सगळ्यात कमी दमाचं आहे. आम्हाला एका ऑपरेटरनं पाच राईडचं पॅकेज सांगितलं, त्यातली एक त्या दिवशी बंदच होती, बाकीच्या भराभरा उरकल्या आणि व्हिडिओचे पैसे शेवटी वेगळे मागितले. पैसे देण्याआधी कोणती राईड, किती वेळ, व्हिडिओ त्यात धरलाय का नाही, सगळं मोकळं विचारून घ्या. स्कूबाचं मात्र वेगळं, ते करा. किल्ल्याच्या जवळच करतात, पोहता येत नसलं तरी चालतं, शिकवणारा माणूस पूर्ण वेळ धरून असतो. बायको विहिरीत पण कधी उतरलेली नाही, ती खाली जाऊन मासे बघून आली आणि दिवसभर तेच सांगायली.

आता खाणं. आपल्याकडं मासा म्हणजे रोहू, कटला, मरळ, नाहीतर वाम, धरणातला नाहीतर तळ्यातला, काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा. मालवणी कालवण पहिल्या घासाला आपल्याला सौम्य वाटतं कारण नारळाचं वाटण असतं, पण दोन-तीन घासांनंतर जीभ बसते आणि मग माशाची स्वतःची चव कळायला लागते. सगळे जण सुरमई थाळीच मागतात, मेनूत ती सगळ्यात वर असते म्हणून. माझा अनुभव असा की थाळीचं नाव न घेता आधी विचारावं, आज काय आलंय? आमच्या होमस्टेच्या काकींनी सांगितलं की आज बांगडा ताजा आहे, सुरमई नको. आणि त्यांनी जे बांगड्याचं तिखलं केलं, तिरफळ घातलेलं, तसला मासा मी आजवर खाल्लेला नाही. तिरफळ चावायचं नसतं हं, ते बाजूला काढायचं, चावलं तर जीभ बधिर होते, पण त्याचा वास रस्सा भरून असतो. बांगडा हा स्वस्त मासा, थाळीत त्याला कुणी विचारत नाही, आणि खायला सगळ्यात भारी. तिसऱ्यांचं सुकं पण खाच, शिंपल्यातून बोटानं काढून खायचं.

सोलकढी हॉटेलागणिक बदलते. कुठं नुसतं गुलाबी पाणी भेटतं. चांगली सोलकढी दाट असते, नारळाच्या दुधाची चव आधी येते, मग कोकमाच्या आगळाचा आंबटपणा आणि शेवटी लसूण-मिरची. मालवण बाजारातल्या एका छोट्या खानावळीत, टेबलं मोजून चार, आम्हाला ती तशी भेटली आणि परत मागितली तर वेगळे पैसे न लावता वाढली.

माळकऱ्यांचा प्रश्न आपल्याकडं प्रत्येक घरात असतो म्हणून मुद्दाम सांगतो. आई माळकरी. मला वाटलं होतं तिचे हाल होतील, पण काकींनी पहिल्याच दिवशी विचारलं आणि आईचं सगळं वेगळ्या भांड्यात केलं. सकाळी घावणे आणि खोबऱ्याची चटणी, दुसऱ्या दिवशी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. ते सांबारं आईनं शिकून घेतलंय आणि वाटाणे पण आणलेत. मोठ्या हॉटेलात ही काळजी कुणी घेत नाही, म्हणून म्हातारी माणसं असतील तर होमस्टेच बघा आणि बुकिंगच्या फोनवरच सांगा.

संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर बोटी आल्या की लिलाव चालतो तो बघायला जा, फुकट आहे. कोळीण बायका ज्या वेगात बोली लावतात, आपल्या आडतीवरचा तुरीचा सौदा पण मागं पडेल. सकाळी नशीब असेल तर चिवला बीचला रापण ओढताना दिसते, दोन्हीकडून दोर धरून माणसं जाळं किनाऱ्याला ओढतात. पोरांनी पण दोराला हात लावला, कुणी हाकललं नाही.

आणि आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो ते. सावंतवाडी आणि पिंगुळी. पॅकेजमधे ह्याला अर्धा तास असतो, तोही परतताना, शॉपिंग म्हणून. असं करू नका, एक पूर्ण दिवस द्या. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत, रस्त्यालाच. लाकडाची केळी, आंबे, डाळिंबं, भातुकली, पाट, चौरंग, बैलगाड्या. एका दुकानात आईनं सीताफळ उचललं, लाकडाचं, त्याचा एकेक डोळा वेगळा कोरलेला आणि डोळ्यांच्या फटीत फिकट रंग भरलेला, खाली देठ. बालाघाटातली सीताफळं खाऊन मोठी झालेली बाई, तिनं ते फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणली, बरोबर आहे. दुकानदारानं सांगितलं की पूर्वी पांगाऱ्याचं लाकूड वापरायचे, हलकं आणि मऊ, आता ते कमी भेटतं म्हणून आंबा वगैरे चालवतात. किंमत प्लास्टिकच्या खेळण्यांपेक्षा जास्त आहे आणि असायलाच पाहिजे, हातानं कोरून, घासून, रंगवून होतं ते. घासाघीस करू नका, मनापासून सांगतोय.

तिथून मोती तलावाच्या काठावर राजवाडा. आत दरबार हॉलमधे कलाकार बसून गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे पत्ते, रंगवत असतात. बांगडीएवढा गोल पत्ता, त्यावर दशावतार. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, असा १२० पत्त्यांचा डाव. मत्स्याच्या पत्त्यावर मासे, कूर्माच्या पत्त्यावर कासवं, परशुरामाच्या पत्त्यावर परशू, जेवढा आकडा तेवढी चित्रं. जुन्या पद्धतीत कापडाला चिंचोक्याची खळ लावून पत्ता बनवायचे आणि वरून लाखेचा थर. ही कला संपत आली होती, सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी ती परत उभी केली. आता गंजिफाला आणि लाकडी खेळण्यांना दोन्हीला जीआय मानांकन आहे. एक बाई दहा माशांचा पत्ता रंगवायल्या होत्या, बारीक ब्रशनं एकेका माशाला खवले काढत, माझ्या पोरीनं श्वास रोखून बघितलं आणि नंतर हॉटेलवर येऊन स्वतःचा पत्ता काढला. पूर्ण संच महाग आहे, पण छोट्या वस्तू पण असतात, त्या घ्या.

पिंगुळी कुडाळजवळ. ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्यांच्या घराण्याचं कला आंगण तिथंच आहे, गोठ्याचं म्युझियम केलेलं. चित्रांच्या पोथ्या, एकेक पान उचलून रामायणाची गोष्ट सांगायची. आपल्या पैठणचं नाव ह्याच प्रकारच्या जुन्या चित्रांना लागलेलं आहे, म्हणजे हे आपल्याला परकं नाहीच. आधी फोन करून जा, म्हणजे कुणीतरी बाहुल्या नाचवून दाखवतं. पोरं मोबाईल विसरली.

घरी आणायचं तर मालवणी खाजा, आगळ, कोकमं, मालवणी मसाला. सुका जवळा-बोंबील घ्यायचे तर घट्ट पॅक करून डिकीत ठेवा, पाचशे किलोमीटरचा वास असतो.

जून ते ऑगस्ट जाऊ नका. किल्ल्याची बोट पावसाळ्यात बंद असते आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीवर बंदी असते, मग ताजं काय खाणार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. नाताळ आणि ३१ डिसेंबरचा आठवडा टाळा, तेव्हा रेट दुप्पट आणि बोटीला रांग.