घरच्या कॉम्प्युटरला स्पीकर: वायर की ब्लूटूथ?

हल्लीच्या बहुतेक २.१ सेटमध्ये (दोन स्पीकर आणि जाड आवाजाचा एक सबवूफर) ऑक्सही असतं, म्हणजे वायरीने जोडायची सोय, आणि ब्लूटूथही, त्यामुळे जोडायचं कसं हा प्रश्न सेट घरी आल्यावरच पडतो. नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या घरात मी दोन्हींवर काही महिने काढले आहेत.

सुरुवात ब्लूटूथने केली. सोय म्हणाल तर खरंच आहे. टेबलामागे वायरींचं जंजाळ नाही, सबवूफर हवा तिथे सरकवता येतो, झाडूही नीट फिरतो. गाणी ऐकताना मला तरी फरक जाणवला नाही; तयार कानाला जाणवेलही. सिनेमात ओठ आधी हलतील अशी धास्ती होती, पण बरेच प्लेअर तेवढा उशीर सांभाळून घेतात. गेम खेळणाऱ्यांना मात्र बटण दाबल्यावर मागाहून आलेला आवाज चालायचा नाही. आणि ५.१ सेट (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) असेल तर हा विषयच मिटतो: ब्लूटूथवरून साधारण दोनच चॅनेल जातात, सहाही हवे तर हिरवी, काळी आणि केशरी अशा तीन पिना लावाव्या लागतात.

माझं घोडं अडलं ते भलतीकडेच. आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या दोन कॅसेट मी कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आहेत आणि संध्याकाळी त्या ऐकून वहीत लिहितो. एक ओळ ऐकायची, थांबवायचं, लिहायचं, पुन्हा लावायचं. आवाज थांबला की थोड्या वेळात ब्लूटूथवरून आवाज पाठवणं बंद होतं, आणि पुन्हा लावल्यावर ते सुरू होईपर्यंतचा तुकडा गळून जातो. जेमतेम अर्धा सेकंद असेल. पण ओवीचा पहिला शब्द नेमका त्यातच असतो. ‘माहेर’च्या जागी नुसतं ‘हेर’. दर ओळीला पाच सेकंद मागे जायचं, आणि आजीचा सूर मधेच पकडायचा. ड्रायव्हर बदलून पाहिला, जोडणी काढून नव्याने केली. थोडा फरक पडला, गेलं नाही. तुमच्या सेटवर कदाचित असं होणारही नाही.

मग महात्मा गांधी रोडवरून एका टोकाला ३.५ मिमीची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या पिना असलेली केबल आणली. पहिल्याच संध्याकाळी सबवूफरमधून बारीक ‘घूंऽऽ’ सुरू. वायरीला लोक नावं ठेवतात ती यासाठीच, पण ह्याला इलाज आहे. कॉम्प्युटर आणि स्पीकर दोन वेगळ्या सॉकेटवर होते, ते एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले. पिन कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावली. कॉम्प्युटरचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून स्पीकरचा कमी केला. घूं थांबली.

लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. घूं गेली तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे, म्हणजे दोन्ही वस्तू दोन वाटांनी अर्थला जोडल्या जाऊन बनणाऱ्या वर्तुळाचा (ग्राउंड लूप). बोर्ड बदलूनही राहिली तर केबलच्या मधे हा फेरा तोडणारा ग्राउंड लूप आयसोलेटर लावावा. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन मात्र कुणी सांगितलं तरी काढू नका. माउस हलवला की किरकिर येत असेल तर तो आजार वेगळा, त्याला यूएसबीचं छोटं साउंड कार्ड पुरतं. ह्या दोन आवाजांत गल्लत करून लोक नको ती वस्तू आणतात.

केबल घेताना दीड मीटर घेऊ नका. माझी टेबलामागून सबवूफरपर्यंत ताणूनच पोचली, शेवटी तीन मीटरची आणली.

ब्लूटूथ घरात अजून आहे. सकाळी स्वयंपाकघरातून बायको तिच्या फोनवरून अभंग लावते ते त्यावरच. संध्याकाळी वही उघडली की मी सेट ऑक्सवर घेतो. दुसऱ्या कॅसेटच्या बाविसाव्या ओवीपर्यंत आलो आहे.