एचटीओनंतर अर्धा गुडघा बदलताना : धंतोलीतील एका रुग्णालयाचा अनुभव

आईच्या उजव्या गुडघ्यावर बारा वर्षांपूर्वी, तिच्या पन्नाशीत, एचटीओ (हाय टिबियल ऑस्टिओटॉमी) झाली होती. गुडघ्याच्या जरा खाली नडगीच्या हाडाला काप देऊन पाचरीसारखी फट उघडायची, ती प्लेट आणि स्क्रूंनी पक्की करायची आणि आतल्या झिजलेल्या बाजूवरचा भार बाहेरच्या चांगल्या बाजूकडे वळवायचा, असे या शस्त्रक्रियेचे स्वरूप असते. त्या शस्त्रक्रियेने दहा वर्षे उत्तम साथ दिली. मग नागपुरातल्या महाल भागातील आमच्या घराचा जिना उतरताना आतल्या बाजूची कळ पुन्हा सुरू झाली, आणि अखेर धंतोलीतील एका रुग्णालयात तिचा अर्धा गुडघा, म्हणजे सांध्याची फक्त आतली झिजलेली बाजू, बदलला. त्याला आता चौदा महिने झाले आहेत.

या रुग्णालयाचे मोल मला सर्वात जास्त जाणवले ते निर्णयाच्या टप्प्यावर. आधी एका ठिकाणी साधा एक्स-रे पाहताच पूर्ण गुडघा बदलायला सांगितले होते, तर दुसऱ्या ठिकाणी तितक्याच झटपट अर्ध्या गुडघ्याचे पॅकेज हाती ठेवले होते. इथले डॉक्टर मात्र म्हणाले, “काकू, उभे राहून खुब्यापासून घोट्यापर्यंतचा फोटो काढल्याशिवाय मी काहीच सांगणार नाही.” कारण त्यांनी नीट समजावले. एचटीओने भार आधीच बाहेरच्या बाजूला सरकवलेला असतो. पाय गरजेपेक्षा जास्त सरळ झालेला असेल आणि त्यात आतल्या बाजूला कृत्रिम सांधा बसवून तिची गेलेली उंची भरून काढली, तर भार आणखी बाहेरच्या बाजूला जातो आणि चांगली राहिलेली बाजू झिजू लागते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘ऑक्सफर्ड’ या प्रकारच्या अर्ध्या गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याचा अभ्यासही त्यांनी स्वतःहून समोर ठेवला : आधी एचटीओ झालेल्या १८ गुडघ्यांमध्ये दहा वर्षे टिकण्याचे प्रमाण ६६ टक्के होते, तर इतरांमध्ये ९६ टक्के. आईचा पाय अजून किंचित धनुष्यासारखाच होता, गुडघ्यावर बाजूने दाब देऊन काढलेल्या एक्स-रेत बाहेरची कूर्चा शाबूत दिसली आणि पुढचा लिगामेंटही (हाडांना बांधून ठेवणारा पट्टा) भक्कम होता, म्हणूनच त्यांनी होकार दिला. तरीही गुडघा उघडल्यावर चित्र वेगळे दिसल्यास पूर्ण सांधा बसवण्याची संमती त्यांनी आधीच घेऊन ठेवली. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

खरी अडचण जुन्या प्लेटची झाली. पहिल्या रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर प्लेट कोणत्या कंपनीची होती याचा उल्लेखच नव्हता, आणि स्क्रूच्या डोक्याला जुळणारा पाना नसेल तर तो निघत नाही. त्यामुळे तीन-चार प्रकारचे संच मागवून ठेवावे लागले. एचटीओ झालेल्या प्रत्येकाने आपली शस्त्रक्रियेची टिपणे आजच मिळवून जपून ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. स्क्रूंच्या रिकाम्या छिद्रांमुळे हाड कमकुवत होऊन नव्या सांध्याखाली तडा जाण्याचा धोका असल्याने प्लेट आधी काढली आणि हाड भरून येण्यासाठी काही महिने थांबून मग सांधा बसवला. प्लेट काढण्याच्या या शस्त्रक्रियेचा खर्च मूळ अंदाजपत्रकात नव्हता आणि तो आम्हाला भरतीच्या आदल्या संध्याकाळी कळला, ही इथली मोठी उणीव. रविवारी फिजिओथेरपिस्ट नसणे ही दुसरी.

आज आई काठीशिवाय चालते, जिना पायापाठोपाठ पाय टाकत चढते आणि सकाळी अंबाझरीच्या काठाने अर्धा तास फिरते. उतरताना मात्र ती अजून कठडा धरते, जुन्या व्रणाजवळची कातडी बधिर आहे आणि पूजेला ती खाली न बसता पाटाऐवजी खुर्ची घेते. बाहेरच्या बाजूची कूर्चा टिकते आहे का, हे पाहण्यासाठी दरवर्षी उभ्याने एक्स-रे काढायचा आहे. पहिल्या वर्षीच्या फोटोत ती जागा जशीच्या तशी दिसली. नव्या सांध्याची माहिती असलेले स्टिकर या वेळी फाइलच्या पहिल्याच पानावर चिकटवून मिळाले आहेत.