ई-बर्ड: सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाच्या काठावर पक्षीमोजणीसाठी कसं आहे?

दिसलेल्या पक्ष्यांची यादी नोंदवायचं कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे अॅप फुकट आहे, जाहिराती नाहीत. सोलापूरच्या हौशी निरीक्षकाची सकाळ शास्त्रज्ञांच्या कामी यावी, यासाठी याहून चांगलं साधन आमच्या माहितीत नाही. देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल अशाच नोंदींवर उभा आहे: 30 हजारांहून जास्त निरीक्षक, 942 जाती.

निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर भारताचा पॅक (तिथल्या पक्ष्यांच्या नावांची यादी) उतरवून घ्या, म्हणजे काठावर रेंज नसली तरी यादी भरता येते. पोचल्यावर आधी 'स्टार्ट', मग दुर्बीण. तासाभराने आठवून भरलेल्या यादीत टिटवी, बगळे, साळुंक्या हमखास गळतात. एकाच जागी उभं राहून मोजलंत तर 'स्टेशनरी', काठाने चालत गेलात तर 'ट्रॅव्हलिंग'. त्याच वाटेने परतलात तर अंतर एकदाच धरायचं. मोजणी संपल्यावर ट्रॅक (चाललेल्या वाटेची अॅपमधली नोंद) बंद करायला विसरलात की गाडीवरचा प्रवासही अंतरात जमा होतो. यादी पाठवण्याआधी तो आकडा हाताने दुरुस्त करा. हिप्परगा आणि सिद्धेश्वर तलाव एकाच यादीत कोंबू नका.

खरी कसोटी थव्यांची. सकाळी सूर्य पाठीशी येईल असा काठ धरा, नाहीतर सगळी बदकं काळीच दिसतात. वारकरी या पाणपक्ष्यांचा मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी नीट मोजा, त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत ठेवा आणि तेवढे किती तुकडे भरतात ते पाहा. हळदी-कुंकू बदक आणि इतर बदकं मिसळलेली असतील तर आधी एकूण आकडा, मग प्रत्येकाचं प्रमाण. टिबुकल्या (छोटे पाणपक्षी) सतत बुडी मारतात, म्हणून तोच पट्टा दोनदा मोजावा. आकड्याऐवजी 'एक्स' टाकण्याची सोय आहे, पण ती टाळाच. पक्षी होता एवढंच त्यातून कळतं; संख्या वाढली की घटली हे त्यावरून काढता येत नाही. अंदाजाचा 300 त्याहून कितीतरी मोलाचा.

अॅपचा सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे शेवटी विचारला जाणारा 'यादी पूर्ण आहे का' हा प्रश्न. दोन-तीन पक्षी ओळखता आले नाहीत म्हणून बरेच जण 'नाही' म्हणतात, आणि चांगली यादी अर्धी वाया जाते. प्रश्नाचा रोख इतकाच, की ओळखता आलेले सगळे लिहिलेत ना, की काही मुद्दाम गाळले? काही गाळलं नसेल तर उत्तर 'हो'. पूर्ण यादीत नसलेला पक्षी 'दिसला नाही' म्हणून धरता येतो. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी आता क्वचितच दिसतो. तिथली माळढोक नसलेली पूर्ण यादीही त्यामुळे मोलाचा पुरावा ठरते.

ऋतूबाहेरचा पक्षी किंवा नेहमीपेक्षा फार मोठा आकडा टाकलात की अॅप अडवून तपशील मागतं. तो अविश्वास समजू नका. पट्टकादंब या हंसाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दिसले, अंतर किती होतं, उजेड कसा होता, एवढं लिहा. फोटो असेल तर जोडा. तपासणारे स्वयंसेवकच असतात, उत्तराला वेळ लागू शकतो.

मोफत मर्लिन अॅप आवाजावरून पक्षी सुचवतं, पण ते नाव खात्री केल्याशिवाय यादीत घेऊ नये.

सुरुवातीला हिप्परगाच गाठायला हवं असं नाही. सिद्धेश्वर तलावाच्या काठी 15 मिनिटं उभं राहून केलेली पूर्ण यादीही चालते.