टेम्पोतले गुलाब आणि 15 दिवसांची गॅरंटी

गुलाबाची कापलेली फांदी ओल्या चिकणमातीच्या गोळ्यात खोचून ठेवली, तर ढगाळ हवेत ती काही दिवस सहज तग धरते. पानं हिरवी राहतात. कळी फुगलेली असेल तर ती उमलतेसुद्धा. खाली मूळ नसलं तरी वरून काही कळत नाही. गेल्या वर्षी श्रावणात लातूरला आमच्या कॉलनीत गुलाबाची कलमं विकणारा जो टेम्पो आला होता, त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालला होता. आसपासच्या जिल्ह्यांतही असे टेम्पो फिरतात असं नंतर ऐकलं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

लातूरकरांना गुलाबाची हौस जरा जास्तच आहे, आणि तिला कारण आहे. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं हे शहर. त्या काळात कुंड्या ठेवायचा विचारही कोणी करत नव्हतं. भांडी धुतलेलं पाणी फार तर तुळशीला. पुढे पाऊस बरा झाला, बोअरला पाणी आलं, तशी नव्या कॉलन्यांमधून दारोदार बागा दिसू लागल्या. माझे सासरे, अप्पा, शाळेतून निवृत्त झाल्यापासून अंगणातच असतात. मोगरा, जास्वंद, सदाफुली सगळं होतं, गुलाब मात्र काळ्या मातीत टिकत नव्हता.

टेम्पोवर मोठा फ्लेक्स होता. एका नर्सरीचं नाव, खाली ‘नाशिक’, आणि सात-आठ रंगांच्या गुलाबांचे फोटो. विकणारा बोलायला गोड. अप्पांना ‘काका’, सासूबाईंना ‘मावशी’. साधं कलम 250 रुपये, दोन रंगांचं 300, निळं 400. प्रत्येक रोपावर एक-दोन कळ्या आणि गळ्यात फोटोची चिठ्ठी.

“काका, पंधरा दिवसांत फूल नाही दिसलं तर पैसे वापस. कार्डावर लिहून देतो.”

ही गॅरंटी नीट बघा, कारण सगळी गोम तिथेच आहे. कळी आधीच रोपावर आहे, त्यामुळे फूल पंधरा दिवसांत दिसणारच. म्हणजे गॅरंटी त्यानं पाळली! आणि फूल उमललं की गिऱ्हाईक स्वतःच जाहिरात करतं. आमच्याकडे तेच झालं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी लाल गुलाब फुलला, अप्पांनी शेजारच्या काकूंना हाक मारून दाखवला आणि संध्याकाळी काकू पाच रोपं घेऊन आल्या. टेम्पो तेव्हा दोन गल्ल्या सोडून उभा होता. तो मुद्दाम आठवडाभर एकाच भागात थांबतो, तो याचसाठी. पहिल्या दिवशी घेणाऱ्यांची फुलं बघून बाकीचे घेतात, आणि पहिल्या रोपांची पानं गळायला लागायच्या आत फ्लेक्स दुसऱ्या गावाला गेलेला असतो.

रोपांबरोबर त्यानं निगेच्या सूचनाही दिल्या होत्या. गोळा अजिबात फोडायचा नाही, मुळं दुखावतात. रोप हलवून बघायचं नाही. महिनाभर सावलीत ठेवायचं. पानं गळाली तर घाबरायचं नाही, ‘जागा बदलली की गळतातच’. ऐकायला यातली प्रत्येक गोष्ट शहाणपणाचीच वाटते, आणि निम्मी तर खरीही आहे; जागा बदलल्यावर गुलाब पानं टाकतोच. पण चारही सूचना एकत्र ठेवल्या की दिसतं, की गोळ्यात काय आहे ते महिनाभर कोणी बघू नये याची ती सोय होती.

वर एक ‘टॉनिक’ही गळ्यात मारलं. पांढऱ्या दाण्यांची पुडी, 100 रुपयांना. दर रविवारी चमचाभर घालायचं.

महिन्याभरात बहुतेक फांद्या वरून काळ्या पडत खाली आल्या. अप्पांना वाटलं पाणी जास्त झालं. मग वाटलं कमी झालं. मग बोअरच्या क्षारांवर खापर फुटलं. म्हातारा माणूस रोज सकाळी त्या कुंड्यांसमोर उभा राहून आपलं काय चुकतंय याचा विचार करायचा, आणि पैशांपेक्षा मला राग त्याचाच जास्त आला. कार्डावरचा फोन आधी वाजत राहायचा, नंतर बंदच.

पोळ्याला माझी बहीण आणि दाजी आले. दाजी परभणीच्या कृषी विद्यापीठातून शिकलेले, आता कृषी सेवा केंद्र चालवतात. त्यांनी एका रोपाला बुंध्याशी धरून अलगद वर ओढलं, तर काडी सरळ हातात आली. खालचं टोक तिरपं, धारदार कात्रीनं कापलेलं. फुलवाल्याकडे गुच्छासाठी दांडे कापतात तसं. मूळ तर नव्हतंच, मूळ फुटायच्या आधी जी पांढरी गाठ धरते तीही नव्हती. गोळा फोडला तर आत निव्वळ चिकणमाती, आणि काडी हलू नये म्हणून बाजूनं सुतळीचा वेढा.

“हे निस्तं फुलदाणीतलं फूल विकलंय तुम्हाला,” दाजी म्हणाले.

काही गोळ्यांत मात्र मुळं होती, आणि तो प्रकार मला जास्त बेरकी वाटला. तिथे खऱ्या मुळांचा एक खुंट होता आणि त्याला चिकटून कळीची कापलेली काडी दोऱ्यानं बांधलेली. काडी वाळली की खालून खुंट फुटतो, घरच्यांना वाटतं कलम जगलं. आमचं एक असंच जगलं. काटे जवळजवळ नाहीत, लांबच लांब लवचिक फांद्या, बारीक पानं, सगळं कुंपण व्यापलं, आणि फूल एकही नाही. तो रानगुलाब. कलम करायला खुंट म्हणून तो उत्तम, पण त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, भरलेलाच नव्हता.

आता खरं कलम कसं असतं ते सांगते, कारण ते एकदा डोळ्यांनी बघितलं की फसवणारा तुमच्यापुढे टिकत नाही. आपल्याकडे गुलाब बहुतेक डोळा भरून करतात. रानगुलाबाच्या किंवा एडवर्डसारख्या काटक जातीच्या पेन्सिलएवढ्या जाड खोडावर, जमिनीपासून थोडं वर, ‘टी’ आकाराचा छेद घेतात. साल उचलून आत चांगल्या जातीचा एक डोळा बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीनं बांधतात. डोळा धरला आणि फुटला की वरचा खुंट कापून टाकतात. म्हणून खऱ्या कलमाच्या बुडाशी फुगीर गाठ दिसते, गाठीच्या एका बाजूनं फांदी निघालेली असते आणि शेजारी कापलेल्या खुंटाचं वाळकं थोटूक असतं. कधी पट्टीही तशीच राहिलेली असते. ग्लॅडिएटरचं रोप घ्या, डबल डिलाइटचं घ्या, खाली हे दिसायलाच हवं. काडी मातीतून सरळ बाणासारखी वर आली असेल तर ते डोळ्याचं कलम नाही. काडीपासून वाढवलेला गावठी गुलाबही छान असतो, पण तो कलमाच्या भावानं कोणी घेत नाही.

पिशवीतलं रोप असेल तर तळाच्या भोकांतून पांढरी मुळं दिसतात का बघा. बुंध्याशी धरून किंचित उचला. मुळं असतील तर माती सोबत उचलली जाते. विकणारा ‘हात लावू नका’ म्हणाला तर नमस्कार करून पुढे चला. पानांवरून ओळखायचं म्हणून काहीजण सांगतात की एका देठाला पाच पानं असली तर जातीचा, सात असली तर रानटी. त्यावर फार विसंबू नका, चांगल्या जातींनाही सात पानं येतात. फूट गाठीच्या वरून आली की खालून, हेच बघायचं. खालून आली असेल तर ती मुळापासून ओरबाडून काढायची, नुसती कापली तर पुन्हा येते.

निळ्याबद्दल थोडं वेगळं. गुलाबात निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे द्रव्य तयारच होत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं दुसऱ्या फुलाचं जनुक घालून तसा गुलाब बनवला, 2004 मध्ये जाहीर केला आणि 2009 मध्ये तिकडे विकायला काढला. एवढा खटाटोप करून तोही जांभळट दिसतो, शाईसारखा निळा नाही. मग लातूरच्या औसा रोडवर 400 रुपयांत तो कुठून येणार? पांढऱ्या गुलाबाचा कापलेला दांडा रंगाच्या पाण्यात ठेवला की रंग वर चढतो, दांडा उभा चिरून वेगवेगळ्या रंगांत बुडवला की एकाच फुलात चार रंग. आमच्या ‘निळ्या’ रोपाच्या पानांच्या शिरासुद्धा निळ्या होत्या. तीच खूण. ऑनलाइन पाकिटात येणारं ‘निळ्या गुलाबाचं बी’ याच माळेतलं. चांगल्या जाती बियांपासून जशाच्या तशा येत नाहीत, म्हणून तर कलमं करतात.

टॉनिकचं गुपित दाजींनी पेलाभर पाण्यात सोडवलं. दाणे टाकून ढवळले, पेला हाताला गारेगार. युरिया. त्याची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, आम्ही ओंजळभराला शंभर मोजले होते. आणि नुकतं लावलेलं, मुळं न धरलेलं रोप असेल तर चमचाभर युरियानं तेही करपतं. म्हणजे चुकून एखादं खरं कलम त्यात असतंच, तर त्याचीही वाट लागली असती.

तक्रारीचं म्हणाल तर पैसे फोनवरून दिलेले, आणि खातं नर्सरीच्या नावाचं नव्हे, कुणा तिसऱ्याच माणसाचं. पैसे देताना स्क्रीनवर जे नाव येतं ते वाचा, फ्लेक्सवरच्या नावाशी जुळत नसेल तर तिथेच विचारा. आम्ही सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर नोंद केली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वरही केली. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, पण समोरच्याचा पत्ताच नसेल तर नोटीस पाठवायची कुठे? पावती होती, तीवर गावाचं नाव सोडून काही नव्हतं. टेम्पोच्या नंबरप्लेटचा फोटो शेजारच्या मुलानं सहज काढलेला निघाला, अर्जासोबत तेवढाच एक कामाचा कागद लागला. फळझाडांच्या रोपवाटिकांना निदान 1969 च्या कायद्यानं परवाना घ्यावा लागतो, आंब्याचं कलम घेताना तो मागता येतो. गुलाब विकणाऱ्या टेम्पोला तो कोण मागणार?

पैसे आलेले नाहीत. अप्पांनी दिवाळीनंतर गावातल्याच एका कायमच्या रोपवाटिकेतून कलमं आणली, फुलं नसलेली, गाठ बघून. काळ्या मातीत शेणखत आणि वाळू मिसळली, गाठ मातीच्या दोन बोटं वर ठेवली. पानं पिवळी पडून शिरा हिरव्या राहतात तेवढा त्रास अजून आहे. तो आपल्या चुनखडीच्या मातीचा आणि जड पाण्याचा, त्याला लोह घालतोय.

मधे उदगीरहून मावसबहिणीचा फोन आला. त्यांच्या गल्लीत टेम्पो आलाय, सात रंगांचे गुलाब, यंदा काळाही आहे. तिनं फोटो पाठवला: नर्सरीचं नाव वेगळं, फुलांचे फोटो तेच. एक रोप बुंध्याशी धरून वर उचल म्हणून सांगितलं. फोन चालूच होता. विकणारा “ओ ताई, ओ ताई” म्हणून ओरडला तेही ऐकू आलं, मग बहीण म्हणाली, “अगं, निघून आलं की हातात.”